एसपीसी की डब्ल्यूपीसी? कडक गाभ्याचे व्हिनाइल फ्लोअरिंग निवडण्याचा आणि बसवण्याचा योग्य क्रम

राहत्या फ्लॅटमधील जुनी फरशी न फोडता तिच्यावरच लाकडासारखे दिसणारे क्लिक लॉकचे (फळ्यांच्या कडांची कुलपे एकमेकांत अडकवून जोडायचे) व्हिनाइल अनेक जण बसवून घेतात, आणि काही महिन्यांनी त्याच त्या तक्रारी करतात: सांधे उघडले, खिडकीजवळ फळ्या वर आल्या, चालताना कटकट आवाज येतो, पावसाळ्यात खालून कुबट वास येतो. यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ कामाच्या क्रमात सापडते. आधी रंग पसंत केला जातो, मग चौरस फुटाचा भाव ठरतो, आणि खालची फरशी कशी आहे हे बसवणारा कारागीर दारात येऊन उभा राहिल्यावरच पाहिले जाते. हा क्रम नेमका उलटा हवा. कोणता गाभा, म्हणजे फळीचा मधला कडक थर, घ्यावा (एसपीसी म्हणजे स्टोन प्लास्टिक कॉम्पोझिट, की डब्ल्यूपीसी म्हणजे वुड प्लास्टिक कॉम्पोझिट) याचे निम्मे उत्तर आपल्या फरशीत आणि खिडकीत असते, म्हणून दुकानात जाण्याआधीची कामे येथे प्रथम दिली आहेत.

टप्पा १: घराची तपासणी

सर्वप्रथम ज्या जागी हे फ्लोअरिंग घालायचेच नाही त्या जागा वगळाव्यात. बाथरूम, ड्राय बाल्कनी, उघडी गच्ची आणि जिथे पाणी नहाणी ट्रॅपकडे वाहावे म्हणून मुद्दाम ढाळ दिलेला आहे अशी कोणतीही जागा यासाठी योग्य नाही. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचा अर्थ एवढाच की फळी पाण्याने फुगत नाही. फळ्यांच्या कडेने खाली गेलेले पाणी मात्र तिथेच अडकते, वाळायला त्याला वाट नसते, आणि वासाची सुरुवात तिथून होते.

त्यानंतर प्रत्येक खोलीत पुढील तपासण्या कराव्यात.

1. पोकळ फरशी: लाकडी मुठीने किंवा नाण्याने प्रत्येक टाइलवर टकटक करावी. पोकळ वाजणाऱ्या किंवा पायाखाली हलणाऱ्या टाइलवर खडूने खूण करावी. अशी टाइल काढून पुन्हा बसवल्याशिवाय किंवा तो खड्डा सिमेंटने भरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

2. सपाटी: दोन मीटर लांबीची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी फरशीवर उभी, आडवी आणि तिरकी फिरवावी. पट्टीखाली ३ मिमीहून अधिक फट दिसली तर ती जागा दुरुस्तीची समजावी. येथे एक गोष्ट नेहमी चुकते. कारागीर पाणसळ लावून ‘लेव्हल बरोबर आहे’ असे सांगतो, पण आपल्याला लेव्हलशी फारसे देणेघेणे नसते. संपूर्ण खोली एका बाजूला किंचित उतरती असली तरी चालते. मधेच आलेला उंचवटा किंवा खोलगट भाग चालत नाही, कारण पाय पडला की तिथली फळी खाली-वर होते आणि तिचे कुलूप झिजून तुटते. दोन खोल्यांच्या मधल्या दारात, जिथे दोन वेगवेगळ्या वेळी घातलेली फरशी जुळते, तिथे हा दोष हमखास आढळतो.

3. ओल: तळमजल्यावर, कोकणातील घरात, शहाबादी फरशीच्या जुन्या घरात किंवा नव्या कोब्यावर काम असेल तर सुमारे ४५ सेंमी चौरस जाड प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. किमान एक पूर्ण दिवस तो तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूस दव धरले किंवा खालची फरशी काळपट पडली तर ओल वर येत आहे असे समजावे. ही तपासणी मे महिन्यात करून समाधान मानू नये; शक्य असेल तर पावसाळ्यात किंवा तो संपता संपता करावी.

4. दारांची उंची: फळी आणि तिच्याखालचा पॅड मिळून पाच ते आठ मिमी उंची वाढणार असते. प्रत्येक दार पूर्ण उघडून त्याखाली किती मोकळी जागा आहे ते मोजावे. जिथे जागा कमी आहे तिथे दार उतरवून सुताराकडून रंधा मारून घ्यावा लागेल, आणि हे काम फ्लोअरिंगच्या आधीच उरकलेले बरे.

5. ऊन: पश्चिमेकडची मोठी सरकती खिडकी असेल तर दुपारनंतर ऊन फरशीवर किती आत येते ते पाहून ठेवावे. गाभ्याची निवड करताना ही नोंद लागते.

तपासणी: या पाचही नोंदी खोलीवार कागदावर उतरल्या असतील तरच दुकानात जावे.

टप्पा २: गाभा ओळखणे

या सगळ्या प्रकारांत वरून खाली साधारण सारखेच थर असतात: झीज सोसणारा पारदर्शक थर, लाकडाचे चित्र छापलेला पातळ थर, मधला कडक गाभा आणि बहुधा खाली चिकटवलेला पॅड. दिसणे चित्रावर अवलंबून असते, वागणे गाभ्यावर.

एसपीसीच्या गाभ्यात चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी रेझिन असते, आणि त्यात भुकटीचा वाटा मोठा असतो. त्यामुळे तो जड, घट्ट आणि पातळ असतो. फळीची एकूण जाडी बहुधा ४ ते ६ मिमी असते. उष्णतेने तो तुलनेने कमी प्रसरण पावतो आणि खुर्चीच्या किंवा कपाटाच्या पायाखाली सहसा दबत नाही. उलट बाजू अशी की पायाला तो कठीण लागतो, चालताना आवाज अधिक येतो, आणि कडेवर जोरात आघात झाल्यास त्याचा कोपरा उडतो.

डब्ल्यूपीसीचा गाभा फेस आणून हलका केलेला असतो. नावात लाकूड असले तरी आजच्या अनेक मालांत लाकडाचा भुसा नाममात्र असतो किंवा नसतोच. मुख्यतः ते फेसाळ पीव्हीसीच असते. फळी अधिक जाड, बहुधा साडेपाच ते आठ मिमी, आणि वजनाला हलकी असते. अनवाणी पायांना ती मऊ आणि उबदार लागते, आवाजही कमी होतो, त्यामुळे वृद्ध माणसे किंवा रांगणारी मुले असलेल्या शयनगृहात तिचा विचार जरूर करावा. मात्र जड वस्तूखाली तिच्यावर कायमचा खळगा पडतो आणि कडक उन्हात ती एसपीसीपेक्षा अधिक हलते.

आपल्या घरांच्या संदर्भात माझा कल स्पष्टपणे एसपीसीकडे आहे. गॅसचा सिलिंडर फरशीवरून ओढला जातो, खलबत्ता जमिनीवर ठेवून कुटले जाते, लोखंडी कपाट दोन-तीन वर्षांनी जागा बदलते, आणि दिवाणखान्यात बहुधा थेट ऊन येते. या चारही गोष्टी डब्ल्यूपीसीला सोसत नाहीत. (खलबत्त्याखाली जाड चटई किंवा पाट एसपीसीलाही हवाच.) ऊन न येणाऱ्या, सपाट फरशीच्या, वर्दळ कमी असलेल्या खोलीत डब्ल्यूपीसी घेणे योग्य ठरते. दोन्ही प्रकार एकाच घरात घालायचे असतील तर जाडीतला फरक दारातच यावा आणि तिथे उतार देणारी जोडपट्टी लागेल, हे आधीच ठरवावे.

इशारा: तीन गोष्टींत गल्लत होऊ देऊ नये. लॅमिनेट फ्लोअरिंगचा गाभा लाकडाच्या दाबीव भुशाचा असतो आणि तो पाण्याने फुगतो. दोन-तीन मिमीचे चिकटवायचे व्हिनाइल लवचीक असते आणि खालच्या टाइलचा प्रत्येक सांधा कालांतराने वर दाखवते. फर्निचरसाठी विकले जाणारे डब्ल्यूपीसी बोर्ड हा तर निराळाच माल आहे. त्याच्या भावाशी फ्लोअरिंगच्या भावाची तुलना करण्यात अर्थ नाही.

टप्पा ३: खोक्यावरील आकडे वाचणे

‘सहा एमएमचा माल आहे’ असे सांगितले जाते तेव्हा पहिला प्रश्न विचारावा की त्यात पॅड किती. सहा मिमीच्या फळीत दीड मिमीचा पॅड असेल तर प्रत्यक्ष फळी साडेचार मिमीचीच असते, आणि पाच मिमी फळी अधिक एक मिमी पॅड असा दुसरा माल त्याहून मजबूत असूनही कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. भाव विचारताना नेहमी पॅडविना जाडी लिहून घ्यावी.

एकूण जाडीपेक्षा महत्त्वाचा आकडा वरच्या पारदर्शक थराचा, म्हणजे वेअर लेयरचा असतो. दुकानदार तो कधी मिमीमध्ये तर कधी ‘मिल’मध्ये सांगतात, आणि इथे पुष्कळ जण फसतात. एक मिल म्हणजे ०.०२५४ मिमी. त्यामुळे १२ मिल म्हणजे सुमारे ०.३ मिमी आणि २० मिल म्हणजे सुमारे ०.५ मिमी. शयनगृहाला ०.३ मिमी पुरेसा आहे; दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि मधला पॅसेज यांसाठी ०.५ मिमीचा आग्रह धरावा. जाडीत एक मिमी वाढवण्याऐवजी तेच पैसे वेअर लेयरवर खर्च करणे केव्हाही शहाणपणाचे.

वापराचा वर्गही पाहावा. २१ ते २३ हे घरगुती वापराचे वर्ग आहेत आणि ३१ ते ३४ व्यावसायिक वापराचे. घरासाठी २३ हा वर्ग सर्वांत अधिक वर्दळीचा. विक्रेता व्हिनाइलसाठी ‘एसी ४’ किंवा ‘एसी ५’ असे सांगू लागला तर सावध व्हावे, कारण एसी हे झीज सोसण्याचे मापन लॅमिनेटसाठी आहे. त्याला एक तर माल माहीत नाही, किंवा तो भलताच माल दाखवत आहे.

पॅड आयएक्सपीई किंवा ईव्हीए या दोन प्रकारच्या फोमपैकी एकाचा असतो. आयएक्सपीईचे छिद्र बंद आणि बारीक असते व तो दाबाखाली अधिक टिकतो, म्हणून शक्यतो तोच निवडावा. पॅड आधीच चिकटवलेला असेल तर खाली दुसरा फोम अंथरू नये. दुहेरी मऊपणामुळे फळी अधिक दबते आणि कुलूप तुटते. कारागीर ‘आवाज कमी होईल’ म्हणून हे सुचवतोच.

टप्पा ४: दुकानातील चाचण्या

कॅटलॉगमधील हातभर तुकड्यावर निर्णय घेऊ नये. मूळ खोक्यातील दोन पूर्ण फळ्या मागून पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. दोन्ही फळ्या जमिनीवर ठेवून हाताने जोडाव्यात, सोडवाव्यात आणि पुन्हा जोडाव्यात. जोडावरून नख फिरवल्यास पायरी जाणवू नये.

2. जोडलेली फळी एका टोकाने किंचित उचलावी. चांगले कुलूप लगेच सुटत नाही.

3. खोके वजनकाट्यावर ठेवावे. एसपीसीच्या गाभ्याची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट असते, म्हणजे साडेचार मिमीच्या फळीचे वजन चौरस मीटरला नऊ किलोच्या आसपास भरावे. चोवीस चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे २.२३ चौरस मीटरचे खोके साधारण वीस किलोचे हवे. ते बरेच हलके निघाले तर एसपीसीच्या नावाखाली फेसाळ गाभा दिला जात आहे असा संशय घ्यावा.

4. फळी सपाट काचेच्या टेबलावर ठेवून टोके उचललेली आहेत का ते पाहावे. खोक्यातच वाकलेली फळी घरी येऊन सरळ होत नाही.

तपासणी: वॉरंटीच्या कागदात घरगुती वापर, कमाल सलग लांबी, सभोवती सोडायची फट आणि उन्हाबाबतची अट हे चार मुद्दे वाचून त्यांची प्रत घ्यावी. खाली दिलेली मापे आणि उत्पादकाच्या सूचना यांत फरक आढळला तर उत्पादकाचे म्हणणे मानावे.

टप्पा ५: मोजमाप आणि खरेदी

सरळ मांडणीत दहा टक्के अधिक माल धरावा. तिरकी किंवा हेरिंगबोन मांडणी असेल तर पंधरा टक्के. उदाहरणार्थ, ११ फूट गुणिले १६ फूट दिवाणखाना १७६ चौरस फुटांचा होतो. दहा टक्के मिळवून १९३.६. खोके २४ चौरस फुटांचे असेल तर आठ खोक्यांत १९२ होतात, म्हणजे नऊ घ्यावी लागतात. उरलेला माल परत करण्याची घाई करू नये, तो पुढच्या दुरुस्तीसाठी लागतो.

सर्व खोक्यांवरील बॅच क्रमांक एकच असावा. भाव ठरवताना जोडपट्ट्या, स्कर्टिंग, वाहतूक, वरच्या मजल्यावर चढवण्याची मजुरी आणि जीएसटी यांचा स्पष्ट उल्लेख कोटेशनमध्ये करून घ्यावा, कारण स्वस्त वाटलेला भाव बहुधा या पाच ठिकाणी वसूल केला जातो.

टप्पा ६: तळाची तयारी

रंगकाम, पीओपी, वायरिंग आणि भिंतीला पक्के बसणारे वॉर्डरोब आधी पूर्ण करावेत. हे फ्लोअरिंग तरंगते असते, म्हणजे खालच्या फरशीला चिकटवलेले किंवा खिळलेले नसते. त्याच्यावर पक्के, जड फर्निचर उभे केले तर ते एका बाजूला जखडले जाते आणि दुसऱ्या बाजूचे सांधे ओढले जातात. किचन ट्रॉल्या आणि ओटा यांच्याखाली फळ्या घालू नयेत, त्यांच्या कडेपर्यंतच आणाव्यात.

खोलगट भाग आणि रुंद सांधे सिमेंटच्या सेल्फ लेव्हलिंग कंपाऊंडने भरावेत. इथली सर्वांत घातक पळवाट म्हणजे उरलेली वॉल पुट्टी किंवा पीओपी वापरणे. ती पायाखाली चुरते, तिची भुकटी फळ्यांच्या खाली फिरत राहते, आणि वर्षभरात चालताना करकर ऐकू येते. उंचवटे घासून काढावेत. ओलीच्या चाचणीत दोष आढळला असेल तर आधी ओलीचे कारण शोधावे. तळमजल्यावर कोरड्या दिसणाऱ्या कोब्यावरही ०.२ मिमी जाड प्लास्टिक, कडा एकमेकांवर २० सेंमी चढवून आणि सांधे चिकटपट्टीने बंद करून, अंथरणे चांगले. मात्र वाहती गळती प्लास्टिकने झाकणे म्हणजे ती लपवणे होय.

खोकी त्याच खोलीत, आडवी, किमान ४८ तास ठेवावीत. एसपीसीला इतका वेळ लागत नाही असे सांगितले जाते, पण उन्हात उभ्या टेम्पोतून आलेला माल त्याच दुपारी बसवणे कोणत्याही गाभ्याला मानवत नाही.

टप्पा ७: बसवण्याचा क्रम

1. दिशा ठरवणे: फळ्यांची लांबी खोलीच्या लांबीच्या दिशेने, किंवा खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने ठेवावी.

2. पहिल्या रांगेचा हिशेब: शेवटची रांग ५० मिमीहून अरुंद येऊ नये. ११ फूट, म्हणजे ३३५३ मिमी रुंदीतून दोन्ही बाजूंची आठ-आठ मिमी फट वजा केल्यास ३३३७ उरतात. १८३ मिमीच्या अठरा रांगांत ३२९४ मिमी भरतात आणि शेवटी ४३ मिमीची चिंचोळी पट्टी उरते. अशा वेळी ४३ आणि १८३ यांची बेरीज निम्मी करून पहिली व शेवटची, दोन्ही रांगा ११३ मिमीच्या कापाव्यात. हा हिशेब न केल्याचे शेवटच्या रांगेपर्यंत कळत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

3. फट: भिंती, चौकटी, खांब आणि पाइप यांच्याभोवती ८ ते १० मिमी फट सोडावी व ठोकळे लावून ती राखावी. भिंत सरळ आहे असे गृहीत धरू नये. दोरी ताणून आणि गुण्या लावून पहिली रांग सरळ करावी, गरज पडल्यास भिंतीच्या वाकाप्रमाणे तिची मागची कड कापावी.

4. जोडणे: लांब बाजू तिरकी धरून आत सरकवावी आणि खाली दाबावी. आखूड बाजू उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे वरून दाबून रबरी हातोड्याने हलकेच बसवावी. फळीवर थेट लोखंडी हातोडी मारल्यास कुलपाची कड आतून चिरते, वरून काही दिसत नाही आणि दोष नंतर उघड होतो.

5. सांध्यांचे अंतर: शेजारच्या दोन रांगांतील आखूड सांधे किमान ३० सेंमी अंतरावर असावेत, आणि ३० सेंमीहून लहान तुकडा रांगेच्या सुरुवातीस किंवा शेवटी वापरू नये. तीन-चार खोकी एकदम उघडून फळ्या मिसळाव्यात, नाहीतर एकाच चित्राच्या फळ्या शेजारी येतात.

तपासणी: तीन रांगा झाल्यावर थांबावे. दोरी पुन्हा लावावी, सांध्यांवरून बोट फिरवावे, सर्वत्र पाय देऊन चालून पाहावे. इथे दोष असेल तर उकलून पुन्हा करायला अर्धा तास लागतो. दहाव्या रांगेनंतर कोणीही उकलायला तयार होत नाही.

6. दारे: प्रत्येक दारात जोडपट्टी द्यावी. ‘सगळा फ्लॅट एकसंध दिसेल’ या मोहापायी पट्ट्या गाळल्या की एका खोलीतील प्रसरण दुसऱ्या खोलीवर ढकलले जाते. लाकडी चौकट खालून कापून फळी तिच्याखाली सरकवता येते. ग्रॅनाइटच्या चौकटीपाशी मात्र फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरावी.

7. स्कर्टिंग: नवी स्कर्टिंग भिंतीला चिकटवावी, फळीला नव्हे. जुनी टाइलची स्कर्टिंग ठेवायची असल्यास तिच्यावर बीडिंग लावून फट झाकावी.

इशारा: दाराचा स्टॉपर किंवा सरकत्या दाराचा ट्रॅक फळीतून आरपार स्क्रू मारून बसवू नये. एका स्क्रूने तरंगते फ्लोअरिंग त्या जागी खिळते. स्टॉपर भिंतीवर घ्यावा.

टप्पा ८: ताबा आणि पुढची देखभाल

कारागिराला पूर्ण पैसे देण्याआधी दिवसाच्या उजेडात खिडकीकडे तोंड करून सांधे पाहावेत, सर्व दारे उघडून-मिटवून घ्यावीत आणि कोपऱ्यातील एक-दोन ठिकाणी स्कर्टिंग लागण्यापूर्वी काढलेले फटीचे फोटो जपून ठेवावेत. वॉरंटीचा दावा करताना ही फट सोडली होती की नाही यावरच वाद होतो.

दिवाळीच्या सफाईत बादल्या ओतून फरशी धुण्याची सवय सोडावी लागेल. ओल्या पण पिळलेल्या फडक्याने, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसणे पुरेसे आहे. अ‍ॅसिड, घासणीची पावडर आणि वाफेचा मॉप वापरू नये. रबरी तळाच्या पायपुसण्यांमुळे व्हिनाइलवर पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत, म्हणून कापडी किंवा काथ्याच्या पायपुसण्यांखाली व्हिनाइलला चालणारी जाळी घ्यावी. पणत्या, समई आणि धूप थेट फळीवर ठेवू नयेत, खाली ताम्हण किंवा लादीचा तुकडा घ्यावा. चाकांच्या खुर्चीला मऊ चाके लावावीत, सोफ्याच्या पायांना नमद्याच्या गाद्या चिकटवाव्यात, आणि पश्चिमेच्या खिडकीला दुपारी पडदा ओढावा.

उरलेल्या फळ्या पलंगाखाली सपाट, आडव्याच ठेवाव्यात. माळ्यावर तिरक्या उभ्या केलेल्या फळ्या उन्हाळ्यात वाकतात आणि गरज पडते तेव्हा जुळत नाहीत. खोक्याचे झाकण फेकू नये: त्यावरील बॅच क्रमांक, मॉडेलचे नाव आणि कुलपाचा प्रकार बिलासोबत लावून ठेवावा, कारण कुलपाचा प्रकार वेगळा असेल तर त्याच रंगाची नवी फळीही जुन्या फळीत बसत नाही.